दोनशे रुपयांचा रविवार

परवा लेकीचं दप्तर आवरताना तिची निबंधाची वही हाताला लागली. विषय होता ‘माझी सुट्टी’. वही उघडायला हात धजेना. कारण दोन वर्षांपूर्वी याच विषयावर तिने चक्क लिहिलं होतं, ‘आम्ही महाबळेश्वरला गेलो. खूप स्ट्रॉबेऱ्या खाल्ल्या.’ बाईंनी खाली ‘छान’ असा शेरा दिलेला. आणि आम्ही तर त्या सुट्टीत मुंबईबाहेर पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं!

त्या वर्षी यांची कंपनी बंद पडली होती. माझ्या एकटीच्या पगारात घराचा हप्ता, शाळेची फी, सासूबाईंची औषधं. त्यातच लेकीच्या मैत्रिणीचा वाढदिवस मॉलमध्ये झाला आणि दोघा पोरांचा एकच धोशा सुरू झाला, ‘आई, आपण कधी जायचं गेम झोनला?’ एका रविवारी मनाचा हिय्या करून घेऊन गेले. दीड तासात साडेअकराशे रुपये संपले. निघताना धाकट्याने आणखी एका राइडसाठी भोकाड पसरलं आणि मी भर गर्दीत त्याच्या पाठीत धपाटा घातला. घरी आल्यावर लाइट बिलावरून आम्हा नवरा-बायकोचं वाजलं ते वेगळंच. लेक कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. निबंधात महाबळेश्वर आलं ते बहुतेक तिथूनच.

ती वही वाचून मी रडकुंडीला आले, तर सासूबाई म्हणाल्या, “अगं, रडतेस काय? लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत चार पोरं वाढवली मी. रविवार आला की राणीची बाग, नाहीतर चौपाटी. आधी घराबाहेर काढ त्यांना.”

मग एक जुना स्टीलचा डबा घेतला. दर रविवारसाठी त्यात दोनशे रुपये. तिकीट, खाणंपिणं सगळं त्यातच. हिशेब लेकीने ठेवायचा. उरले तर पुढच्या रविवारला.

पहिला मान अर्थातच राणीच्या बागेचा. लोकलने भायखळा, तिथून चालत. दोन मोठे आणि दोन मुलं मिळून शंभर रुपयांचं तिकीट. पेंग्विन 2017 पासून तिथे लोकांना बघायला मिळतात, त्यामुळे पोरं आधी तिकडेच पळाली. पण खरी गंमत झाडांत आहे, हे मला माहीतच नव्हतं. 1862 मध्ये सुरू झालेली ही बाग, त्यामुळे झाडं आपल्या पणजोबांच्याही आधीची. गोरखचिंचेच्या बुंध्याला आम्ही मिठी मारून पाहिली. कैलासपतीची फुलं थेट खोडावरच येतात, हे धाकट्याला पटेना! 2000 नंतरच्या दशकात या बागेचा कायापालट करायचा घाट घातला गेला, तेव्हा ही झाडं वाचवायला काही बायकाच पुढे झाल्या होत्या. मुलांना हे सांगताना मलाच उगाच भारी वाटलं.

बागेतल्या संग्रहालयाबाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. मूळचा घारापुरीचा. 1864 मध्ये इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले आणि उचलतानाच तो तुटला. तुकडे जोडून 1914 मध्ये त्याला पुन्हा उभा केला. ही गोष्ट सांगितली यांनी. नोकरी गेल्यापासून जो माणूस घरात तोंड उघडत नव्हता, तो अर्धा तास मुलांना हत्तीचे सांधे दाखवत होता. मी शेजारच्या बाकावर बसून नुसती ऐकत होते.

थंडी सुरू झाल्यावर समुद्र काढला. सासूबाई कोकणातल्या. त्यांनी नातीला भिंतीवरच्या कॅलेंडरवरून भरती-ओहोटी शिकवली. तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचं, चारने भागायचं, की साधारण भरतीची वेळ येते. द्वितीया असेल तर दीड वाजता भरती. त्याच्या सहा तास आधी, म्हणजे सकाळी साडेसातला ओहोटी. अशाच एका द्वितीयेच्या रविवारी पहाटेची लोकल पकडून, दादरला गाडी बदलून विलेपार्ल्याला उतरलो आणि बसने जुहू गाठलं. ओल्या वाळूवर खेकड्यांनी बारीक गोळ्यांची रांगोळी घातलेली! दोघं दोन तास पालथी पडून ती बघत होती. खर्च फक्त प्रवासाचा आणि चहाचा. थालीपिठं घरचीच.

सगळे रविवार असे साजरे झाले असं मात्र नाही हं. एकदा बुधवारी सुट्टी म्हणून राणीच्या बागेत गेलो, तर दाराला कुलूप. बुधवारी ती बंद असते! आणि मे महिन्यात भर दुपारी गेटवेला नेऊन मी दोघांना ऊन लावून आणलं. म्हणून मैत्रिणींनो, अनुभवाचे बोल सांगते. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत घरी परत या. पाण्याच्या बाटल्या, टोपी, जादा कपड्यांचा जोड पिशवीत हवाच. पावसाळ्यात समुद्र लांबूनच बघा. आणि एका दिवसात एकच ठिकाण! धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान विसरू नका. एकेकाळी तिथे कचऱ्याचे डोंगर होते, 1994 पासून चक्क जंगल आहे. बेस्टचं किमान भाडं मे 2025 मध्ये पाचाचं दहा झालं, तेव्हा आमच्या हिशेबनीस बाईंनी लगेच डब्यात वीस रुपये वाढवून मागितले.

यांना आता नोकरी लागलीय. पगार पूर्वीपेक्षा कमीच आहे. मॉलमध्येही वर्षातून एखादवेळी जातो, अगदीच नाही असं नाही. पण डबा बंद केलेला नाही.

तर, परवाची ती वही. शेवटी धीर करून उघडली. ‘आमच्या घरी पंचांग बघून समुद्रावर जातात,’ असं पहिलंच वाक्य. पुढे तिथीचं गणित, आकडेमोडीसकट. महाबळेश्वरचं नावही नाही. खाली बाईंचा लाल शाईतला शेरा होता, ‘हे वर्गात सगळ्यांना समजावून सांग.’

वही दप्तरात ठेवली आणि येत्या रविवारी कुठली तिथी आहे ते बघायला कॅलेंडरकडे गेले. लेकीने तिथे आधीच पेन्सिलीने गोल करून ठेवला होता.