मितभाषी

“काका, सव्वादोन किलो हाय. दोन नाही.”

एप्रिलमधली गोष्ट. एटापल्लीच्या बाजारात मी टमाटर निवडत होते. आवाज ओळखीचा वाटला म्हणून वळून पाहिलं, तर माझ्याच वर्गातली तिसरीची पोरगी मोहफुलांची पिशवी घेऊन व्यापाऱ्याच्या काट्यासमोर उभी होती. व्यापाऱ्यानं पुन्हा वजन केलं. किलोला चाळीसचा भाव होता. त्यानं तोंड उघडायच्या आत ती “नव्वद झाले” म्हणाली आणि बापाला तोच हिशेब माडिया भाषेत सांगून मोकळी झाली.

घरी आल्यावर मी कच्ची नोंदवही उघडली. तिच्या नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘मितभाषी. वर्ग स्वच्छ ठेवते. समजावून दिल्यास गणित सोडवते.’

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आल्यापासून, म्हणजे 2010 पासून, आम्ही शिक्षक प्रत्येक मुलाच्या अशा वर्णनात्मक नोंदी लिहितो. त्या रात्री मी तीन वर्षांच्या वह्या काढल्या आणि शब्द मोजले. ‘मितभाषी’ आणि ‘लाजाळू’ मिळून एकतीस वेळा आले होते, त्यातले अठ्ठावीस माडिया आदिवासी मुलांच्या नावापुढे. ‘नेतृत्वगुण आहेत’ नऊ वेळा होतं. नऊही पोरगे, त्यातले आठ बाजारपेठेतल्या मराठी घरांतले. ‘वर्ग स्वच्छ ठेवते’ हे वाक्य एकाही पोराच्या वाट्याला आलं नव्हतं. वर्ग झाडायला मी नेहमी पोरींनाच सांगत होते, तर येणार कुठून? यातलं एकही वाक्य मी दुष्टाव्यानं लिहिलेलं नाही. या लेकरांवर माझा जीव आहे. म्हणूनच ती बेरीज पाहून मला झोप लागली नाही.

मानसशास्त्रज्ञ याला अबोध पूर्वग्रह म्हणतात. तो मोजायची एक चाचणी 1998 मध्ये अमेरिकेत मांडली गेली. ती विकसित करणाऱ्यांत सिकंदराबादेत जन्मलेल्या महजरीन बानाजीही होत्या. पडद्यावर चेहरे आणि शब्द झरझर येतात आणि आपण कळ दाबून त्यांची वर्गवारी करायची. ज्या जोड्या मनात आधीपासून बसलेल्या असतात तिथे बोट पटकन पडतं. जोडी उलटी केली, समजा ‘बाई’ आणि ‘नोकरी’ एका कळीवर आणले, की ते अडखळतं. ही चाचणी एकेका माणसाबद्दल किती खात्रीनं सांगू शकते यावर अभ्यासकांत वाद आहे. पण बानाजींनी स्वतः ती दिली तेव्हा त्यांचंही बोट अडखळलं, आणि हे त्यांनी उघडपणे सांगितलं आहे.

मला मात्र सगळ्यात जास्त लागली ती ‘ण’ची गोष्ट.

मी वडशाची, म्हणजे झाडीपट्टीची. आमच्या घरी ‘पाणी’ नसतं, ‘पानी’ असतं. डी.एड.ला असताना माझ्या ‘पानी’वर अख्खा वर्ग हसायचा आणि मी हात वर करणं सोडून दिलं होतं. मीही तेव्हा मितभाषीच होते की! आता जुने पेपर पाहिले तर दिसलं काय? बाजारपेठेतल्या पोरानं ‘पानी’ लिहिलं, तिथे मी गुण कापले नव्हते. झाडीत असंच बोलतात हे मला ठाऊक होतं. माडिया पोरीनं तेच ‘पानी’ लिहिलं, तिथे लाल गोल आणि ‘शुद्धलेखन कच्चे’. तिची घरची भाषा द्रविड कुळातली, मराठीपेक्षा तेलुगूला जवळची. माझ्यापेक्षा एक अख्खी भाषा जास्त शिकून ती तो शब्द लिहीत होती.

रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी भारतातल्या शिक्षकांकडून पेपर तपासून घेतले होते. पेपरवर टाकलेली जात खरी नव्हती, कुठल्याही पेपरवर कुठलीही. 2012 मध्ये त्यांचा निष्कर्ष छापून आला: खालची समजली जाणारी जात असली की गुण थोडे कमी पडले, आणि ते कमी देणारे मुख्यतः त्याच जातींतले शिक्षक होते. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. सोसलेला माणूस आपोआप डोळस होतो, असं मी धरून चालले होते.

यंदा पहिल्या सत्राचे पेपर मी नावाची पट्टी दुमडून तपासले. तरी अक्षर ओळखू येतंच, त्यामुळे एकेक प्रश्न सगळ्यांचा एकदम तपासते. झाडण्याची पाळी हजेरीच्या क्रमानं लावली आहे. पहिल्या आठवड्यात दोन पोरगे रुसले, मग झाडू लागले.

ती पोरगी आता चौथीत आहे. तिच्या नोंदीत मी लिहिलं, ‘वजनमापाचे हिशेब तोंडी करते. मराठी आणि माडिया, दोन्ही भाषांत समजावून सांगते. चूक दिसली की मोठ्यांनाही सांगते.’

तिसरीची पक्की नोंद मात्र कार्यालयात जमा झाली आहे. तिथे ती अजून मितभाषीच आहे.