पत्रिकेवरून हुशारी कळते का?

कर्जतला गोदड महाराजांच्या यात्रेत एका ज्योतिषीबुवांनी "मनात एक गोष्ट अडकलीय" म्हटलं, आणि शेजारचे काका लगेच डोलले. अहो, कुणाच्या मनात नसते?

अशा मोघम बोलण्यावरून काही ठरत नाही. म्हणून पुण्यात २००८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी ज्योतिषांची थेट परीक्षाच घेतली.

१०० हुशार आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० दिल्या, नावांशिवाय. ओळखायचं एवढंच, मूल कोणत्या गटातलं?

२७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं तरी निम्मी जमतात की! सर्वाधिक गुण ४० पैकी २४.

मला भावली ती प्रयोगाची सोपी रचना. असा प्रयोग आपल्याकडे करायचा? शंका कमेंटमध्ये विचारा, आराखडा समजावून सांगतो.