पोटाला मुका मार लागल्यास: शस्त्रक्रियेविना उपचार

दुचाकीवरून पडताना हँडल पोटात रुतणे, गच्चीवरून कोसळणे, जनावराची धडक बसणे अशा प्रसंगी पोटावर कधी साधा वळही उठत नाही. तरीही आत प्लीहा म्हणजे पाणथरी, यकृत किंवा मूत्रपिंड फाटून रक्तस्राव सुरू झालेला असू शकतो. अशा व्यक्तीचे पोट चोळू अथवा शेकू नये. तिला काही खाऊ-पिऊ घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व सीटी स्कॅन आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

तपासणीनंतर डॉक्टर अनेकदा सांगतात, "प्लीहेला इजा आहे, परंतु सध्या शस्त्रक्रिया करणार नाही." हे ऐकून नातेवाईक अस्वस्थ होतात आणि रुग्णाला घरी नेण्याचा आग्रह धरतात. कृपया तसे करू नये. शस्त्रक्रिया नाही याचा अर्थ उपचार नाही, असा होत नाही.

नाडी व रक्तदाब स्थिर असलेल्या बहुतांश रुग्णांत या अवयवांचा रक्तस्राव आपोआप थांबतो व जखम भरून येते. पूर्वी फाटलेली प्लीहा सर्रास काढून टाकली जाई. कॅनडातील टोरांटो येथील बालरुग्णांच्या अनुभवावरून उपाध्याय व सिम्पसन या डॉक्टरांनी १९६८ साली वेगळी दिशा दाखविली. प्लीहा जंतुसंसर्गापासून रक्षण करते. ती काढावी लागल्यास न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस यांसारख्या जंतूंविरुद्ध लसी घ्याव्या लागतात आणि पुढे साधा तापही दुर्लक्षून चालत नाही.

या उपचारात रुग्णाला सक्त देखरेखीखाली ठेवतात. परिचारिका ठरावीक वेळाने नाडी व रक्तदाब नोंदवितात, हिमोग्लोबिन पुनःपुन्हा तपासले जाते, डॉक्टर पोट वारंवार तपासतात. रात्री झोपेतून उठविल्यास रागावू नये; त्याच नोंदींवरून लपलेला रक्तस्राव ध्यानात येतो. काही रुग्णांत बारीक नळी रक्तवाहिनीतून आत नेऊन रक्तस्राव होणारी वाहिनी आतूनच बंद करतात. रक्तदाब घसरू लागला किंवा आतडे फाटल्याची शंका आली, तर मात्र शस्त्रक्रियेस विलंब करता येत नाही. त्यासाठी शस्त्रक्रियागृह व रक्त सज्ज ठेवलेले असते.

घरी सोडल्यानंतरही काही दिवसांनी रक्तस्राव पुन्हा सुरू होऊ शकतो. चक्कर, घाम व फिकटपणा, पोटदुखी वाढणे, डाव्या खांद्यात कारण नसताना कळ येणे, लघवीतून रक्त जाणे, ताप किंवा कावीळ यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित रुग्णालय गाठावे. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. जड ओझे, कबड्डी, कुस्ती, खडबडीत रस्त्यावरील दुचाकीप्रवास किती आठवडे टाळायचे हे इजेच्या तीव्रतेवरून ठरते. तीव्र इजेत हा काळ सुमारे तीन महिन्यांपर्यंत जातो. मुलाला बरे वाटू लागले की त्याला घरात थांबविणे अवघड जाते, हे खरे. शाळेतील शिक्षकांनाही कल्पना देऊन ठेवावी.

रुग्णालयातून मिळालेला कागद जपून ठेवावा आणि पुढील काही महिने कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना तो प्रथम दाखवावा.