गोंदण चिघळते तेव्हा

आपल्या आज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर हिरवट गोंदण असे. गोंदणारीण दारात यायची, काजळीत बुडवलेली सुई टोचायची, वर हळद लावायची. आणि ते गोंदण थेट सरणापर्यंत सोबत करायचे. आता त्यालाच ‘टॅटू’ म्हणतात. हातातल्या सुईच्या जागी विजेवर चालणारे यंत्र आले आणि काळ्याच्या जोडीला लाल, पिवळे, जांभळे असे नाना रंग आले. काळा रंग सहसा कुणाला बाधत नाही. आम्हा त्वचारोगाच्या डॉक्टरांना खरा दमवतो तो लाल!

मुळात गोंदण ही जखमच. सुई वरचा पापुद्रा भेदून खालच्या थरात रंग सोडते. शरीराला तो उपरा वाटतो. रक्षक पेशी धावून येतात, रंगाचे कण गिळतात आणि तिथेच ठाण मांडून बसतात. गोंदण टिकते ते म्हणूनच. सुरुवातीला लाली, थोडी सूज, मग खपल्या, खाज, हे सारे स्वाभाविक. दोन-तीन आठवड्यांत वरची कातडी भरून येते. पण दुखणे दिवसागणिक उतरण्याऐवजी चढू लागले, पू आला, ताप भरला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

गेल्या वर्षी एक तरुण आला. आई गेल्यावर त्याने दंडावर काळ्या रंगात ‘आई’ असे गोंदवून घेतले होते आणि वर लाल कुंकू. अक्षरे छान बसली. कुंकू मात्र चार महिन्यांनी फुगले, खाजू लागले. घरच्यांनी हळद लावून पाहिली, कडुलिंबाचा पाला झाला, मग औषधाच्या दुकानातून कुणी सुचवलेले मलम आले. अशा मलमांत बहुधा स्टेरॉईड असते. खाज दबते, पण नायटा असला तर तो पोसला जातो. याच्या दंडावर नेमके तेच झाले होते.

“इतके महिने काही नव्हते, मग आताच कसे?” त्याने विचारले. लाल रंगाची ॲलर्जी महिन्यांनी, कधी वर्षांनीही उठते. पूर्वी त्यात पाऱ्याचे हिंगूळ असे. आता बहुधा कृत्रिम रंग असतात, पण खोड गेलेली नाही. लेसरने उडवावा म्हटले, तर कण फुटून अंगभर पुरळ उठण्याची भीती. गाठीत इंजेक्शने दिली, थोडे शमले. शेवटी तेवढा भाग कापून काढता येईल, असे सांगितल्यावर तो बराच वेळ दंडाकडे पाहत राहिला. “अक्षरे राहतील ना?” एवढेच म्हणाला. राहतील. पण त्याचे अजून ठरलेले नाही.

दोष दर वेळी ॲलर्जीचाच असतो असेही नाही. अमेरिकेत रॉचेस्टर शहरात २०११-१२ मध्ये १९ जणांच्या गोंदणावर चिवट पुरळ उठले. गोंदणारा स्वच्छतेने काम करीत होता. क्षयाच्या जंतूंचे भाऊबंद करड्या रंगाच्या बाटलीतच निघाले! जत्रेत एकाच सुईने साऱ्यांना गोंदले जात असेल, तर ‘ब’ आणि ‘क’ प्रकारची कावीळ, एचआयव्ही हे धोके निराळेच. आणि सोरायसिस वा कोड असलेल्यांच्या गोंदणाच्या रेघेवर तोच आजार उमटू शकतो.

इतके ऐकूनही मुलगा-मुलगी हट्टाला पेटली, तर निदान नवी सुई डोळ्यांसमोर फोडायला सांगावी आणि रंगाच्या बाटलीवरचे नाव व बॅच नंबर वहीत टिपून ठेवावा. पुढे काही झाले, तर डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. माझ्याकडे आलेल्यांपैकी एकालाही अजून ते सांगता आलेले नाही.