एका पायाची सूज : वेळीच ओळखावी अशी

तळवड्याच्या रस्त्यांवर सकाळी दोन प्रकारची गर्दी दिसते. एक सॉफ्टवेअर पार्ककडे जाणाऱ्या तरुणांची, दुसरी लघुउद्योगांच्या शेडकडे निघालेल्या कामगारांची व मालवाहू गाड्यांची. या गर्दीच्या आधाराने उभी राहिलेली दुकाने येथून चाकणपर्यंत पसरली आहेत. व्यापारी घरातील वडील दहा-बारा तास गल्ल्यावर असतात, मुलगा जवळजवळ तितकाच वेळ संगणकापुढे. दोघांच्या दिनक्रमात समान गोष्ट एकच : बसणे. या बसण्याशी निगडित असा एक आजार पायात सुरू होतो आणि दुर्लक्ष झाल्यास फुप्फुसात जाऊन प्राण घेतो. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होणे, हा तो आजार.

हृदय पायांपर्यंत रक्त पोहोचवते. मात्र ते परत वर चढवण्याचे बरेचसे काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते शिरांना दाबतात आणि रक्त वर सरकते. तासन्‌तास पाय हलले नाहीत की हा पंप थांबतो व रक्त साचते. १९४० साली लंडनवर बॉम्बवर्षाव होत असताना लोक आश्रयस्थानांत रात्र-रात्र खुर्चीवर बसून काढीत. त्यांच्यापैकी काहींचा मृत्यू बॉम्बने नव्हे, तर फुप्फुसात गेलेल्या गुठळीने झाल्याचे डॉ. कीथ सिम्प्सन यांनी त्याच वर्षी निदर्शनास आणले. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून केलेल्या प्रवासानंतर हा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अहवालात नमूद आहे. विमान, रेल्वे, बस, मोटार या सर्वांना ते लागू आहे. निरोगी माणसाच्या बाबतीत हा धोका मुळात अल्प असतो. पण दुसरी कारणे जोडली गेली की तो वाढतो.

ती कारणे ध्यानात ठेवावीत. गुडघा, खुबा किंवा पोटाची शस्त्रक्रिया, प्लॅस्टरमधील पाय, दीर्घ अंथरूण, कर्करोग, गरोदरपण व बाळंतपणानंतरचे सहा आठवडे, स्थूलपणा आणि घरात पूर्वी कोणाला झालेली गुठळी. महिलांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. यात्रा किंवा पूजेसाठी पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळ्या दुकानातून परस्पर आणल्या जातात. त्या गोळ्यांनीही काहींच्या बाबतीत गुठळीचा धोका वाढतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

आजाराची खूण साधी आहे. दोन्ही पाय सुजले तर कारणे अनेक असू शकतात. परंतु एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, त्वचा गरम वा लालसर झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. डॉप्लर सोनोग्राफीने निदान होते. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला सल्ला असतो, ‘तेल लावून चोळून दे.’ तो प्रेमापोटी असला तरी घातक ठरू शकतो. चोळल्याने गुठळी सुटण्याची भीती असते. एकाएकी धाप लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे किंवा भोवळ येणे ही गुठळी फुप्फुसात गेल्याची चिन्हे असू शकतात. तेव्हा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व जवळचे सुसज्ज रुग्णालय गाठावे. पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. अपचन समजून रात्र काढू नये.

प्रतिबंध खर्चाचा नाही. सामायिक ४८ मिनिटांचे असते. साधारण तेवढ्या वेळाने गल्ल्यावरून उठून दुकानात एक फेरी मारावी. प्रवासात घोटे वर-खाली हलवत राहावे. अठ्ठाई किंवा चौविहार उपवासात शरीरातील पाणी कमी होऊन रक्त दाट होते. त्यामुळे वरीलपैकी एखादे कारण असलेल्यांनी तपश्चर्येपूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा व पारण्यापूर्वी लांबचा प्रवास टाळावा.

उपचाराच्या वेळी जैन कुटुंबापुढे काही विशेष प्रश्न उभे राहतात. रुग्णालयात प्रथम दिले जाणारे हेपॅरिन हे इंजेक्शन मुख्यत्वे डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून तयार होते; एनॉक्सापॅरिनही त्यापासूनच बनते. फोंडापॅरिनक्स हे इंजेक्शन व रिव्हारोक्साबॅन, अपिक्साबॅन यांसारख्या गोळ्या कृत्रिमरीत्या तयार केल्या जातात. कोणत्या रुग्णाला काय चालेल हे मूत्रपिंडाची स्थिती व आजाराची तीव्रता पाहून डॉक्टरच ठरवतात. ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी हा विषय शांतपणे काढता येतो. प्राणावर बेतले असताना मात्र वाद घालत उपचार अडवू नयेत. पच्चक्खाणातच आगार ठेवलेले आहेत. शंका असल्यास महाराजसाहेबांना आधी विचारून ठेवावे.

घरी आल्यावर शुश्रूषेची खरी कसोटी लागते. औषध साधारणतः किमान तीन महिने चालते. रिव्हारोक्साबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यावयाची असते. चौविहार पाळणाऱ्या रुग्णाने तसे स्पष्ट सांगितल्यास डॉक्टर तिची वेळ सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाशी जुळवून देऊ शकतात. रात्री उपाशीपोटी गोळी घेणे किंवा मुळीच न घेणे, दोन्ही चूक. वॉरफरिन चालू असेल तर हिरव्या पालेभाज्यांशी त्याचा थेट संबंध आहे. त्यांतील ‘के’ जीवनसत्त्व औषधाचा प्रभाव कमी करते. रोज भाजी खाणाऱ्याने पर्युषणात लिलोतरी एकदम सोडली, तर तीच मात्रा जास्त ठरून रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून त्याआधी डॉक्टरांना कळवून आयएनआर तपासणी करून घ्यावी.

चुकलेल्या गोळीच्या बदल्यात दुप्पट गोळी देऊ नये. अंगदुखीसाठी परस्पर वेदनाशामक देऊ नये. दात घासण्यास मऊ ब्रश द्यावा. हिरड्यांतून रक्त, काळी शौच, लाल लघवी किंवा डोक्याला मार लागल्यास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. डॉक्टरांनी परवानगी देताच रुग्णाला घरातल्या घरात चालवावे. काळजीपोटी अंथरुणाला खिळवून ठेवू नये.

व्यापारी घरात पै-पैची नोंद असते. आजारपणाच्या फाईलमध्येही एक कागद असावा : रात्रिभोजनाचा त्याग, उपवासाच्या तिथी, लिलोतरीचे नियम आणि चालू औषधे. तो कागद पहिल्याच भेटीत डॉक्टरांपुढे ठेवला, तर व्रतही सांभाळता येते आणि माणूसही.