शून्य टक्के म्हणजे नेमकं कोणाचे शून्य टक्के?

डोकेदुखीसाठी एमआरआय काढला आणि रिपोर्टमध्ये मेंदूतल्या धमनीवर ५ मिमीचा फुगा दिसला. हाच अॅन्युरिझम. डोकेदुखीशी त्याचा बहुतेक वेळा संबंधही नसतो. साधारण ३ टक्के प्रौढांमध्ये असा फुगा असतो आणि बहुतेकांना ते कधी कळतच नाही. पण फुटला तर जिवावर बेततं. मग तो आधीच बंद करायचा, की अधूनमधून स्कॅन करून लक्ष ठेवायचं?

२००३ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला आयएसयूआयए हा अभ्यास इथे हमखास दाखवला जातो. पूर्वी रक्तस्राव झालेला नाही, फुगा मेंदूच्या पुढच्या धमन्यांवर आणि ७ मिमीपेक्षा लहान, तर ५ वर्षांत फुटण्याचं प्रमाण ० टक्के. मागच्या धमन्यांवर तेवढ्याच आकाराला २.५ टक्के. उलट उपचारानंतर वर्षभरात मृत्यू किंवा अपंगत्व आलेले: कवटी उघडून क्लिप लावलेल्यांत १२.६ टक्के, कॉइल भरलेल्यांत ९.८ टक्के. मग लहान फुग्याला हात लावायचाच कशाला?

गंमत अशी, की फुगा फुटून दवाखान्यात येणाऱ्यांमध्ये लहान फुगेवाले भरपूर असतात. याचं एक कारण साधं आहे: लहान फुगे मुळात संख्येनेच जास्त. दुसरं कारण आपल्या कामाचं. या अभ्यासात कोणावर उपचार करायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं, डॉक्टरांनी ठरवलं होतं. वेडावाकडा, धोक्याचा वाटणारा फुगा उपचाराकडे गेला. 'थांबू या' गटात सौम्य वाटणारे उरले. त्यातल्याही काहींवर पुढे उपचार झालेच. म्हणजे ते शून्य सगळ्या लहान फुग्यांचं नाही, थांबण्यासाठी निवडलेल्यांचं आहे. शोधनिबंध वाचताना मी आता आधी छेद बघते, अंश नंतर.

चिठ्ठ्या टाकून बघायचा प्रयत्न 'टीम' नावाच्या चाचणीने केला. २००६ ते २००९ मध्ये ८० रुग्ण मिळाले आणि ती बंद पडली. डोक्यात फुगा आहे म्हटल्यावर नाणेफेकीला कोण तयार होणार!

२०१४ पासून फेझेस स्कोअर वापरात आहे: लोकसमूह, रक्तदाब, वय, आकार, पूर्वीचा रक्तस्राव, जागा. ८,३८२ रुग्णांवरून बनलेला. जपानी आणि फिनिश लोकांना त्यात जादा गुण आहेत. भारतीय गट मुळातच नाही. शिवाय तो फक्त ५ वर्षांचं सांगतो. पस्तिशीतल्या बाईला तो फुगा डोक्यात घेऊन कदाचित अजून ४० वर्षं काढायची असतात, आणि ५ वर्षांच्या आकड्याला सरळ ८ ने गुणता येत नाही, कारण फुटण्याचा धोका दरवर्षी सारखाच राहतो असं नाही.