घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत एक टेम्पोचालक भाऊ राहतात. त्यांचे घोरणे साऱ्या मजल्याला पाठ आहे. ‘नशीबवान माणूस, पडला की झोपला!’ असे आम्हीही म्हणत होतो. एक दिवस नळावर वहिनी म्हणाल्या, “घोरतात त्याचं काही नाही हो. मधेच घोरणं बंद होतं, श्वासच थांबतो, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. हलवलं की एकदम धाप लागल्यासारखे उठतात.” दिवसा हे भाऊ सिग्नलला गाडी उभी राहिली की पेंगत. मालक त्यांना आळशी म्हणे. लोक म्हणत, रात्रीची उतरलेली नसेल. भाऊ तर दारूला शिवतही नाहीत.

दवाखान्यात गेल्यावर कळले, हा आजार आहे. त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात.

झोपेत आपले स्नायू सैल पडतात, तसे घशाचेही पडतात. काहींच्या घशातली श्वासाची वाट मुळातच अरुंद असते. कुणाची मान जाड, कुणाची हनुवटी मागे गेलेली. जीभ मागे सरकते आणि वाट बंद होते. छाती श्वास ओढत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, घसा ताठ होतो आणि मोठ्या आवाजाने श्वास सुरू होतो. झोपलेल्याला यातले काही आठवत नाही. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला वा फारच अपुरा झाला, तर डॉक्टर तो एक वेळ धरतात. तासाला 5 च्या आत असेल तर काळजी नसते. 30 च्या वर म्हणजे आजार तीव्र. हिशेब करून पाहा. तासाला 30, म्हणजे सात तासांत 210 वेळा झोपमोड! असा माणूस सकाळी ताजातवाना उठेल कसा?

सकाळी डोके दुखणे, तोंड कोरडे पडणे, रात्री वारंवार लघवीला उठणे, चिडचिड, विसरभोळेपणा ही याचीच लक्षणे असू शकतात. उपचार केला नाही तर रक्तदाब चढतो, हृदयविकार व लकव्याचा धोका वाढतो. गोळ्या घेऊनही रक्तदाब उतरत नसेल, तर झोपेची चौकशी जरूर करावी. आणि वाहन वा यंत्र चालवणाऱ्यांना तर एक डुलकीही महाग पडते.

हा केवळ लठ्ठ पुरुषांचा आजार आहे असे कुणी समजू नये. पाळी गेल्यानंतर बायकांतही तो वाढतो, पण आपल्या बायका थकव्याची तक्रार करतात कुठे? लहान मूल रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर टॉन्सिल किंवा ॲडिनॉइड वाढलेले असू शकतात. अशी मुले वर्गात लक्ष देत नाहीत म्हणून मार खातात.

तपासणीत रात्रभर अंगाला तारा लावून श्वास, प्राणवायू आणि झोप मोजतात. मोठ्या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा किंवा छातीविकार विभागात आधी विचारावे. उपचारात वजन उतरवणे, कुशीवर झोपणे हे आलेच. दारू आणि मनाने घेतलेली झोपेची गोळी मात्र विषासमान. दोन्हींनी घसा आणखी सैल पडतो. आजार जास्त असेल तर नाकावर मास्क लावून हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्र वापरतात. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 साली ही पद्धत प्रसिद्ध केली. यंत्र हजारो रुपयांचे आहे, ही अडचण खरी. म्हणून रुग्णालयातील समाजसेवा विभागात मदतीची विचारणा करण्यास संकोच करू नये.

झोपेच्या दुसऱ्या एका तक्रारीबद्दलही लिहिलेच पाहिजे. पहाटे जाग येते, पण हातपाय हलत नाहीत, छातीवर कुणीतरी बसल्यासारखे वाटते. याला भूत समजून अजूनही कुणी अंगारे-धुपारे करतात. स्वप्न पडताना मेंदू शरीराचे स्नायू ढिले ठेवतो. मन आधी जागे झाले आणि शरीर मागे राहिले, एवढेच घडलेले असते. थोड्या वेळात ते आपोआप सुटते. पाळ्या बदलणाऱ्यांना, अपुरी झोप घेणाऱ्यांना आणि उताणे झोपणाऱ्यांना हा अनुभव जास्त येतो. भगताला दक्षिणा देण्यापेक्षा झोपेचे तास वाढवावेत.

डॉक्टरांकडे जाताना घोरणाऱ्याने एकट्याने जाऊ नये. श्वास थांबतो हे त्याला माहीतच नसते. शेजारी झोपणाऱ्याला माहीत असते. वहिनींनी मोबाईलवर एका रात्रीचे घोरणे भरून नेले होते. डॉक्टरांनी ते ऐकले आणि त्याच दिवशी तपासणीची चिठ्ठी लिहून दिली.